मेंढरांच्या दुपारचा शब्द

त्या मे महिन्यात क्रांती रोज सकाळी नवऱ्याचा डबा भरत होती आणि तो डबा घेऊन नवरा कामावर जात नव्हता.

घरातून मात्र निघत होता. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या मोटरसायकलवर, कुपवाडच्याच रस्त्याने. पण ज्या कारखान्यात बिरदेव हेल्परचा सुपरवायझर झाला होता, त्याच्या गेटला फेब्रुवारीतच कुलूप लागलं होतं. मालक म्हातारा झाला होता आणि मालकाच्या पोराला पंपाचे सुटे भाग बनवण्यात रस नव्हता. यंत्रं विकली गेली, कामगारांना हार घातले गेले, पेढे वाटले गेले आणि सगळे घरी आले. बिरदेवने हार गाडीच्या हँडलला अडकवून आणला होता. क्रांतीने तो दारातच काढून घेतला आणि मागच्या बाजूच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. शेजारच्या अबोली काकूंनी विचारलं, कसला हो सत्कार? ती म्हणाली, कारखान्याचा वाढदिवस होता.

ही क्रांतीची जुनी खोड. झाकायचं. दूध नासलं तर झाकायचं, पोरीला मार्क कमी पडले तर झाकायचं. खोडीला कारणही होतं. ती आटपाडीकडच्या धनगराची पोर. दिवाळी झाली की त्यांचा वाडा निघायचा. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे; मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि घोड्याच्या पाठीवर बांधलेली बिऱ्हाडं असा चालता संसार. ज्याच्या रानात मेंढरं बसतील त्याच्या बांधावर तीन दगडांची चूल मांडायची. आई भाकरी थापायला बसली की रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची. काय कालवण केलंय, किती पोरं आहेत, कोण रडतंय, सगळं गावाला दिसायचं. एका इयत्तेत तीन-तीन शाळा करत ती दहावी झाली आणि त्याच वेळी तिने मनाशी ठरवलं की आपल्या घराला दार पाहिजे. दार लावलं की आतलं आत.

बिरदेव आयटीआय झालेला म्हणून तिने त्याला होकार दिला. सांगलीत, विश्रामबागच्या पलीकडे, तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या त्याही तिच्याच हट्टाने. दाराला आतून दोन कड्या तिने स्वतः सुताराकडून बसवून घेतल्या. ब्लाऊज शिवायचं मशीन हॉलमध्ये खिडकीशी ठेवलं आणि खिडकीला जाड पडदा लावला. बोलणंही तिने हळूहळू बदललं. हाय-न्हाई गेलं, आहे-नाही आलं. गिऱ्हाइकांना कळायचंही नाही की ही बाई कधीकाळी कोकरू काखेत मारून घाट उतरली आहे.

तर काम सुटल्याचं घरातल्या तिघांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं. बिरदेव कुपवाडला वर्कशॉप-वर्कशॉप फिरत होता. सगळीकडे चहा मिळायचा आणि ‘सांगतो’ असं उत्तर मिळायचं. दुपारी तो घरी येऊन जेवायचा आणि पडद्याआड पडून राहायचा. असं ते चाललं होतं. अवघड होतं, पण चाललं होतं.

मग नानासो आले.

नानासो म्हणजे बिरदेवचे वडील, त्याचे तात्या. गावाकडे थोरला मुलगा सिद्धू डाळिंबाची बाग बघायचा आणि नानासो अजून पन्नासेक मेंढरं बाळगून होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पावसाळ्याच्या आत उरकून घ्या असं डॉक्टर म्हणाले आणि सिद्धूने त्यांना सांगलीत आणून सोडलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. दुसरा थोड्या दिवसांनी करू, तोवर इथेच राहा, असं ठरलं. ऊन नको, धूळ नको, चूल नको, खाली वाकणं नको. दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब.

बिरदेव म्हणाला, तात्यांना सांगून टाकतो. क्रांती म्हणाली, अजिबात नाही.

तिला जयराजचं आठवत होतं. जयराज बिरदेवचा चुलतभाऊ. पुण्याकडची नोकरी गेली म्हणून गावी परत आला तेव्हा नानासो भर पारावर म्हणाले होते, नोकरी गेलेला गडी म्हंजी थंडीत कातरलेलं मेंढरू, नुसतं कुडकुडतंय आणि लोकाच्या अंगाला घासतंय. अख्खा पार हसला होता. जयराज त्या दिवशी जेवला नव्हता म्हणे. आपल्या नवऱ्याला कुणी तसं म्हटलं तर? तेही त्याच्या बापाने? क्रांतीने दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरला आणि बिरदेवच्या हातात दिला. म्हणाली, तात्या जाईपर्यंत ड्यूटी करायची.

बिरदेवने तिच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि पायात बूट घातले. वाद घालायची त्याची कधीच रीत नव्हती. क्रांतीला त्याचं हे आवडायचं. त्या दिवसांत आवडेनासं झालं.

नानासो हॉलमध्ये खाटेवर बसून असायचे. डोळ्यावर काळा चष्मा, डोक्याला टॉवेल, हातात काठी नसल्यामुळे हात सारखे काहीतरी शोधत असायचे. बाहेर जायचं नाही म्हणून ते ऐकायचे. गेट वाजलं की कोण, कुकर झाला की किती शिट्ट्या, मशीन थांबलं की सुनेला काय झालं. पोराच्या नोकरीचं त्यांना कौतुक होतं. संध्याकाळी मोटरसायकलचा आवाज आला की ते प्रांजलला म्हणायचे, “तुझ्या बाची शिफ्ट बरी गं. ठरल्या वेळंला सुटती. मेंढरांस्नी शिफ्ट न्हाई.”

प्रांजल ही बिरदेव-क्रांतीची एकुलती एक. अकरावी झाली होती, बारावीची तयारी सुट्टीतच सुरू झाली होती. तिने फ्रेंच घेतलं होतं, कारण त्यात मार्क पडतात असं सगळ्यांनी सांगितलं. आणि आता मार्कांचं विसरून ती त्या भाषेतच रमली होती. चारुशीला मॅडमकडे उन्हाळी वर्गाला जायची. मॅडम कॉलेजातून निवृत्त झालेल्या, घरातल्या झोपाळ्यावर बसून शिकवणाऱ्या. नानासोंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, फ्रेंच म्हंजी कुणीकडं, बेळगावच्या फुडं का? लय फुडं, आबा, असं ती म्हणाली. तितं मेंढरं हायती का? ढिगानं हायती. मग शीक, असं म्हणून त्यांनी परवानगी दिली होती.

ऊन वाढत चाललं. बिरदेव सकाळी दोन-तीन ठिकाणी कामाची चौकशी करायचा आणि मग जाणार कुठे? टपरीवर बसलं तर ओळखीचे भेटतात. तो हरिपूरला नदीच्या घाटावर जाऊन बसायचा, तिथेच डबा खायचा. सावली सरकेल तसा सरकायचा. देवळातल्या गुरवाने दोन-तीनदा विचारलं तेव्हापासून तिथेही फार वेळ थांबेनासा झाला. भर उन्हात गाडीवरून नुसता फिरायचा, मिरजेकडे जायचा, परत यायचा. एकदा संध्याकाळी आला तो शर्टाच्या पुढच्या भागावर रक्त घेऊनच. घोळणा फुटला होता. क्रांतीने त्याला न्हाणीत ढकललं, शर्ट बादलीत बुडवला आणि बाहेर येऊन सांगितलं की कारखान्यात भट्टीजवळ उभं राहावं लागलं. नानासो म्हणाले, कांदा फोडून हुंगायला दे. तिने दिला. रात्री नानासोंच्या डोळ्यात घालताना तिच्या हातून थेंब गालावर पडला.

दुसऱ्या दिवशी डबा भरताना तिला वाटलं, आज राहू द्यावं. पण राहू दे म्हणायचं तर नानासोंना काय सांगायचं? तिने झाकण दाबून बसवलं.

त्याच दिवशी दुपारची गोष्ट. मशीनवर क्रांती, खाटेवर नानासो, आणि प्रांजल मधल्या भिंतीकडे तोंड करून उभी. मॅडमनी प्रत्येकीला एक फ्रेंच शब्द निवडायला सांगितला होता. तो कुठून आला, लॅटिनमध्ये त्याचं मूळ काय, ते उद्या वर्गापुढे सांगायचं होतं. प्रांजलची तालीम चालली होती. आधी फ्रेंचमध्ये, मग आजोबांसाठी मराठीत.

“माझा शब्द आहे शोमाज,” ती म्हणाली. “काम करणारा माणूस कामाशिवाय असतो, त्या अवस्थेला फ्रेंचमध्ये शोमाज म्हणतात.”

मशीन थांबलं. क्रांतीने मान वर केली नाही, सुईखालची शिवण तशीच धरून ठेवली. पोरीला डोळ्याने दटावावं तर पोरगी भिंतीकडे बघत होती.

“हा काय शब्द झाला?” नानासो म्हणाले. “दुसरा चांगला न्हवता व्हय?”

वर्गात मॅडमनी एकेकीला वडील काय करतात ते फ्रेंचमध्ये विचारलं होतं. हिने आईने पढवल्याप्रमाणे सुपरवायझर म्हणून सांगितलं होतं आणि घरी येऊन, खरं सांगायचं झालं असतं तर काय म्हणायला हवं होतं, ते शब्दकोशात शोधलं होतं. हे आईला तिने नंतर सांगितलं. आजोबांना ती एवढंच म्हणाली की या शब्दाचं मूळ तुम्हाला आवडेल, म्हणून घेतला.

मग तिने सांगितलं. शोमाज हा शब्द ‘शोमे’ या क्रियापदापासून आलाय. शोमेचं मूळ उत्तरकाळातल्या लॅटिनमध्ये, काउमारे. काउमा म्हणजे उन्हाची काहिली. तोही लॅटिनने ग्रीकांकडून घेतलेला, ग्रीकमध्ये तो भाजण्या-जळण्याच्या धातूवरून आला. आणि काउमारे म्हणजे त्या काहिलीच्या वेळी काम थांबवून विसावा घेणं. मग सणावाराला काम बंद ठेवतात त्याला शोमे म्हणायला लागले. आणि फार उशिरा, कारखाने आल्यावर, काम गेलेल्या माणसाची अवस्था ती शोमाज झाली. शांत या अर्थाचा त्यांचा ‘काल्म’ हा शब्दही त्याच काउमापासून निघाला असावा, असं म्हणतात.

“आणि आबा, खेड्यांतून मेंढरांसाठीसुद्धा हा शब्द वापरायचे. दुपारी मेंढरं सावलीला थांबतात ना, ते शोमे.”

नानासो खाटेवर सरळ झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे हात स्थिर झाले.

“थांबत्यातच,” ते म्हणाले. “येकामेकाच्या पोटाखाली मुंड्या घालून हुबी ऱ्हात्यात. मारलं तरी हालायची न्हाईत.”

प्रांजलने विचारलं, मग तुम्ही काय करायचा? नानासो म्हणाले, काय करणार, आपण बी घोंगडं टाकून आडवं व्हायचं. ऊन उतरल्यावर मेंढरं आपली आपण उठतात, त्यांना सांगावं लागत नाही. मग ते सांगतच सुटले. त्यांच्या तरुणपणी वाड्यात एक पगारी गडी होता, चलाख, चालायला वाघ. संध्याकाळच्या आत पाण्यावर पोचायचं म्हणून त्याने एका वैशाखात भर दुपारी मेंढरांचं खांड हाकललं. काठीने, कुत्र्याने, दगडांनी. मेंढरं चालली. बिचारी चालतात, हाकणाऱ्यावर त्यांचा विश्वास असतो. ओढ्याला पोचेस्तोवर पाच-सहा वाटेवर पडली. नाकातून रक्त. नानासोंच्या बापाने त्या गड्याला मारलं नाही की शिवी दिली नाही. नुसतं त्याचं घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि रस्ता दाखवला.

“दुपारच्याला मेंढरू हाकलंल त्यो धनगर न्हवं,” नानासो म्हणाले.

क्रांती मशीनवरून उठली. उठली कशाला ते तिलाही कळलं नाही. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी उभी राहिली. दोरीवर बिरदेवचा शर्ट वाळत होता. रक्ताचा डाग गेला नव्हता, तपकिरी होऊन बसला होता. खिडकीबाहेर सगळं पांढरं झालं होतं, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. तिला तिच्या बापाची मेंढरं आठवली, उन्हात मुंड्या खाली घातलेली. लहानपणी तीही जायची त्यांच्या मधल्या सावलीत बसायला, लोकरीचा वास यायचा आणि गार वाटायचं. तेव्हा दार नव्हतं, भिंत नव्हती. सगळं जग बघत असायचं आणि तिला कशाचीच लाज वाटत नसायची.

ती बाहेर आली आणि खाटेसमोर फरशीवर बसली.

“मामा,” ती म्हणाली, “त्यांचं काम सुटलंय. लय दिस झालं. ड्यूटीबिटी काय न्हाई. मीच त्यास्नी रोज भाईर धाडतीया.”

इतक्या वर्षांची घासूनपुसून केलेली भाषा कुठे गेली ते तिला कळलं नाही. प्रांजल भिंतीला टेकून उभी राहिली.

नानासोंनी मान वळवली. काळ्या चष्म्यामागचं काही दिसत नव्हतं.

“आता कुटं असंल त्यो?”

“हरिपुरला. न्हाईतर गाडीवर असतील, फिरत.”

“ह्या उनात?”

“व्हय.”

“काल नाकातनं रगत आलं, ते बी उनानंच?”

“व्हय.”

पंखा फिरत होता. क्रांतीला वाटलं, आता कातरलेलं मेंढरू येणार. तिने पदराचं टोक मुठीत धरलं.

“तुला धनगराची पोर म्हणून करून आणली म्या,” ते शेवटी म्हणाले. “अन् तू माजं पोरगं दुपारचं हाकलतीस?”

तिला रडू यायला हवं होतं, पण आलं ते वेगळंच. कितीतरी दिवस घट्ट बांधलेलं नेसूचं कोणीतरी सैल करावं तसं हलकं वाटलं. ती एवढंच म्हणाली, जयराजभावजींना तुम्ही पारावर बोलला होता, तसं ह्यांना बोलाल म्हणून भ्याले.

म्हाताऱ्याने तोंड वाकडं केलं. जयराजला दोन ठिकाणी काम आलं होतं, ते हलकं म्हणून त्याने परत धाडलं, म्हणून बोललो, असं ते म्हणाले. मग म्हणाले, तरी बी पारावर बोलायला नको हुतं. मग म्हणाले, माजं त्वांडच वंगाळ, तुझी सासू बी हेच म्हणायची. आणि पुन्हा रागावले.

“माज्या तोंडाला भिऊन गड्याला उनात घातलंस व्हय? फोन लाव त्येला. घरी ये म्हणावं. अन् गाडी हळू.”

फोन प्रांजलने लावला. बिरदेवने पलीकडून दोनदा विचारलं, तात्यांचा डोळा दुखतोय का? नाही म्हणाली, आबांनी बोलावलंय, आबांना सगळं माहीत आहे. पलीकडे नुसता वाऱ्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, येतो.

तो आला तेव्हा चेहरा तांबडाजर्द झाला होता आणि ओठ फुटले होते. दारात बूट काढायला त्याने फार वेळ लावला. आत येऊन वडिलांसमोर उभा राहिला, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. काही बोलायची तयारी करून आला असावा, कारण त्याने घसा साफ केला. नानासोंनी हात पुढे करून चाचपडत त्याचं मनगट धरलं, मग कपाळाला हात लावला, जनावराचं अंग बघतात तसा.

“तापलाय,” ते म्हणाले. “पाणी आत्ता दिऊ नका. जरा दम खाऊ द्या, मग ताक द्या.”

एवढंच बोलणं झालं. बापलेकात त्याहून जास्त कधी होतही नसे. क्रांतीने ताक केलं, जिरे-मीठ घातलं. डबा उघडून भाजी परत गरम केली आणि ताज्या दोन भाकरी टाकल्या. बिरदेव फरशीवर बसून जेवला. जेवताना मध्येच थांबला आणि टॉवेल तोंडावर धरून बसला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. मग परत जेवला. नंतर खाटेशेजारी चटई टाकून आडवा झाला आणि झोपला, तोंड उघडं टाकून, हातपाय पसरून. कितीतरी आठवड्यांत तो असा झोपला नव्हता. रात्री झोपायचा तेही अंग चोरून.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. अबोली काकू ब्लाऊजचं माप द्यायला आल्या होत्या. त्यांनी क्रांतीच्या खांद्यावरून आत पाहिलं. भाऊ आज घरी? बरं नाही का? क्रांतीने सवयीने तोंड उघडलं. सुट्टी, ताप, कारखान्याचा वाढदिवस, सगळं जिभेवर तयार होतं. आणि मग तिला त्या सगळ्याचा कंटाळा आला.

“कारखाना बंद पडला ओ त्यांचा,” ती म्हणाली. “दुसरं काम बघतायत.”

अबोली काकू म्हणाल्या, अगं बाई. मग म्हणाल्या, हल्ली सगळीकडे तेच. मग म्हणाल्या, बाह्या जरा सैल ठेव, मागच्या वेळी काखेत काचत होतं. आणि माप देऊन गेल्या. क्रांती दाराशी उभीच राहिली. एवढंच होतं तर.

तिने दार लावलं नाही, नुसतं पुढे ओढलं. प्रांजलला म्हणाली, जरा पाठ टेकते, थेंबांची वेळ झाली की उठव. आतल्या खोलीत जाऊन पडली ती डोळे मिटताक्षणीच झोपी गेली. दुपारी झोपणारी बाई नव्हती ती.

जाग आली ती बोलण्याच्या आवाजाने. ऊन खिडकीतून उतरून भिंतीच्या बुडाशी आलं होतं. बिरदेव बाहेर दारापुढच्या ओट्यावर उभा राहून फोनवर बोलत होता, मोठ्याने, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं. मिरजेकडच्या कुणा जुन्या सोबत्याला तो सांगत होता की आपला कारखाना बंद झालाय, माझ्याकडे काम नाही, लेथचं, ड्रिलिंगचं, माल तपासायचं, काहीही चालेल. गेले तीन महिने तो चौकशी करायचा ती आडून आडून, दुसऱ्या कुणासाठी विचारल्यासारखी. पलीकडचा काय म्हणाला ते कळलं नाही. बिरदेव म्हणाला, व्हय व्हय, उद्या सकाळी येतो, गाठ तर घेऊ.

प्रांजलने आजोबांच्या डोळ्यात थेंब घातले होते. नानासो उताणे पडून, डोळे मिटून तिला फ्रान्सातल्या मेंढरांची लोकर कशी असते ते विचारत होते. आई दारात दिसली तशी ती उठून जवळ आली. हळूच म्हणाली, आई, उद्या मॅडम परत विचारतील, घरात कोण काय करतं. मग खरं सांगू?

“सांग,” क्रांती म्हणाली. “आणि दुसरं काम शोधतायत तेही सांग. त्यालाही असेलच की काहीतरी शब्द.”

“आहे. शेर्शे. लॅटिन सिरकारे. गोल फिरणं, चक्कर मारणं.”

“मग नीट सांग. आणि सकाळी लवकर उठ, त्यांना उन्हाच्या आत मिरजेला पोचायचंय, न्हाणी आधी त्यांना लागंल.”

हे म्हणताना तिने ‘लागंल’ म्हटलं आणि सुधारलं नाही. मशीनवरचा ब्लाऊज तिने दुपारी सोडला होता तिथूनच परत सुईखाली घेतला. उजेड कमी पडत होता, म्हणून खिडकीचा पडदा एका बाजूला सारून दिला.